गिधाड, लांब चोचीचे

गिधाड, लांब चोचीचे : पक्षिवर्गाच्या ॲक्सिपिट्रिफॉर्मीस गणातील ॲक्सिपिट्रिडी कुलात या पक्ष्याचा समावेश होतो. गरुड, घार व शिक्रा हेही याच कुलातील होत (→ गरुड). याचे शास्त्रीय नाव जिप्स इंडिकस असून १७८६ मध्ये स्कोपोली या शास्त्रज्ञाने ते दिले. हिमालयाच्या पायथ्याशी आढळणारे सडपातळ चोचीचे गिधाड (जिप्स टेन्युइरॉस्ट्रिस) पूर्वी याच जातीत गणले जाई. २००१ पासून त्या दोन स्वतंत्र जाती मानल्या जाऊ लागल्या. लांब चोचीचे गिधाड मुख्यतः गंगेच्या दक्षिणेस, भारतीय द्वीपकल्पात आढळते. पाकिस्तानच्या आग्नेय कोपऱ्यातही त्याची थोडी वस्ती आहे. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कड्यांवर आणि विदर्भातील वनप्रदेशात ते अद्याप तग धरून आहे. एकेकाळी गावोगाव दिसणारा हा पक्षी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इतक्या झपाट्याने नाहीसा झाला, की २००२ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात केली. ती आजही तशीच आहे.

शरीराची लांबी सु. ८० ते १०० सेंमी. व वजन साडेपाच ते सहा किग्रॅ.च्या आसपास असते. पसरलेल्या पंखांची रुंदी दोन मी.हून अधिक भरते. पाठ व पंख फिकट तपकिरी असून उड्डाणपिसे काळसर असतात. डोके व मान काळसर करडी, जवळजवळ पिसेविरहित असून त्यांवर विरळ, पांढुरकी लव असते. मानेच्या तळाशी पांढऱ्या मऊ पिसांची गळपट्टी असते. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याची चोच फिकट पिवळसर, तर पिलाची गडद असते. याच प्रदेशात आढळणारे पांढऱ्या पाठीचे गिधाड (जिप्स बेंगालेन्सिस) यापेक्षा थोडे लहान व अधिक काळे असून त्याच्या कमरेवरचा पांढरा पट्टा उडताना स्पष्ट दिसतो. उघडी मान कुरूप वाटत असली, तरी ती उपयुक्त आहे. मृत जनावराच्या पोटात मान खुपसताना रक्तमांस पिसांना चिकटून राहत नाही, शिवाय शरीरातील उष्णता घालविणे वा राखणे तिच्यामुळे सोपे होते.

अधिवास : पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर घरटे करते, लांब चोचीचे गिधाड मात्र प्रायः कड्यांवर राहते. बेसाल्टाच्या उभ्या भिंतींमध्ये जेथे एक थर झिजून आत गेलेला असतो व वरचा थर छपरासारखा पुढे आलेला असतो, अशा कपारी त्यास सर्वांत सोयीच्या पडतात. सह्याद्रीची रचनाच लाव्ह्याच्या एकावर एक थरांची असल्याने अशा जागांची येथे वाण नाही. पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील दाभोसा हे या भूरूपाचे उत्तम उदाहरण होय. जव्हारपासून सु. २० किमी.वर असलेल्या या गावाजवळ लेंडी नदी सु. ९० मी. उंचीच्या कड्यावरून खाली कोसळते व पुढे खोल दरीतून वाहते. दरीच्या दोन्ही अंगांचे कडे, माथ्यावरचे माळ, वारली, कोकणा, महादेव कोळी व कातकरी लोकांचे विखुरलेले पाडे आणि माळावर चरणारी गुरे असा हा प्रदेश आहे. मोखाड्याच्या पूर्वेस घाटमाथ्यावर त्र्यंबकेश्वर तालुका लागतो. तेथील अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आहे. मानवनिर्मित कडाही या पक्ष्यास वर्ज्य नाही. मध्य प्रदेशात ओर्छा येथील बुंदेल्यांच्या छत्र्यांवर त्याची घरटी अनेक वर्षे होत आली आहेत. राजस्थानात काही ठिकाणी तो झाडावरही वीण करतो.

कड्याचा उपयोग केवळ सुरक्षिततेसाठी नाही. एवढा जड पक्षी पंख मारीत फार दूर जाऊ शकत नाही. ऊन तापल्यावर जमिनीवरून वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या प्रवाहात तो गोल गोल फिरत उंची गाठतो आणि तेथून पंख न हलविता घसरत पुढच्या प्रवाहापर्यंत जातो. कड्यावर आदळून वर वळणारा वारा त्यास सकाळी लवकर उचलून धरतो. याच पद्धतीने दिवसाकाठी शंभर किमी. वा त्याहूनही अधिक अंतर तो सहज कापतो. ही गोष्ट पुढे संरक्षणाच्या प्रश्नात फार महत्त्वाची ठरते.

आहार : गिधाड शिकार करीत नाही, मेलेल्या मोठ्या जनावराचे मऊ मांस व अंतर्भाग हेच त्याचे अन्न होय. या गिधाडांना अन्नाचा सुगावा दृष्टीने लागतो, वासाने नव्हे. आकाशात एकमेकांपासून दूर अंतर राखून फिरणारे पक्षी जमिनीवर नजर ठेवतात, तशीच शेजारच्या पक्ष्यावरही ठेवतात. एकाने खाली झेप घेतली, की त्याचा शेजारी त्या दिशेने वळतो, त्याला पाहून त्याच्या पलीकडचा. आणि थोड्याच वेळात ओसाड माळावर डझनावारी गिधाडे उतरतात. मोठा थवा एका गुराचे मांस तासाभराच्या आत संपवून केवळ सांगाडा मागे ठेवतो. त्यांचे जठररस अत्यंत आम्ल असल्याने सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू पोटात नाश पावतात. अन्नपुटात (गळ्याजवळच्या पिशवीत) मांस साठवून ती कड्यावर परततात व पुढे दोन-तीन दिवस न खाता राहू शकतात.

भारतात हा पक्षी एवढ्या मोठ्या संख्येने टिकला, याचे कारण वन्य प्राण्यांपेक्षा गुरांमध्ये आहे. येथे म्हातारे वा रोगी गुरू बहुधा नैसर्गिक मरणाने मरते आणि मेलेले जनावर गावाबाहेर ठरलेल्या जागी टाकण्याचा प्रघात होता. कातडे सोलून घेतले जाई, मांस गिधाडे खात व उरलेली हाडे गोळा करणारे लोक नेत. ही साखळी विनाखर्च चाले, म्हणून तिची किंमत कोणाच्या हिशेबात आली नाही. मुंबईतील पारशी समाजाच्या दख्म्यांमध्ये मृतदेहांची विल्हेवाटही गिधाडांवरच अवलंबून होती. ती संपल्यावर तेथे सूर्यकिरण एकवटणारी आरशांची उपकरणे बसवावी लागली.

वीण : विणीचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत असतो, म्हणजे पावसाळ्यातील धबधबे आटू लागले, की कड्यांवर घरटी सुरू होतात. काटक्या, पालापाचोळा व पिसे यांचे घरटे कपारीत रचले जाते. एका कड्यावर अनेक जोड्यांची वसाहत असते आणि घरट्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दुरूनही दिसतात. मादी एकच अंडे घालते. नर व मादी आळीपाळीने सु. ५० दिवस ते उबवितात. पिलाला भरविण्याचे कामही दोघेही करतात. पिलू तीन ते चार महिन्यांनी उडू लागते आणि प्रजननक्षम व्हायला त्यास सु. पाच वर्षे लागतात. वर्षाला फार तर एक पिलू, तेही प्रत्येक वेळी जगेलच असे नाही. दीर्घायुष्य हाच अशा जातीचा आधार असतो. प्रौढ पक्ष्यांपैकी दरवर्षी काही थोडेच मेले, तर तिचा तोल राहतो. मृत्यूंचे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी जन्मांनी ते भरून निघत नाही.

ऱ्हास : राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० ते १९९० या दशकाच्या मध्यापासून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश गिधाडांची नोंद ठेवीत होते. दहा वर्षांनी तेथील जिप्स गिधाडांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यांना आढळले. फांदीवर मान लोंबकळत बसलेले पक्षी काही दिवसांनी मरून खाली पडत. ही नोंद १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सोसायटीने १९९१–९३ मध्ये देशभर रस्त्यांवरून केलेल्या गणनेची पुढे अनेकदा पुनरावृत्ती करण्यात आली. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीची व सडपातळ चोचीची मिळून सु. ९७ टक्क्यांनी कमी झाली होती. इतक्या वेगाने नाहीशा होत गेलेल्या पक्षिजातींची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत. २०१५ च्या पाहणीवरून भारतात लांब चोचीची सु. १२,००० गिधाडे उरल्याचा अंदाज करण्यात आला.

प्रथम विषाणुजन्य रोगाचा संशय होता. खरे कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनाने उघड केले. मेलेल्या गिधाडांच्या हृदय, यकृत व मूत्रपिंडांवर युरिक अम्लाचे पांढरे थर साठलेले दिसत. असे थर असलेल्या पक्ष्यांच्या ऊतकांत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध सापडले. इतर कारणांनी मेलेल्यांत ते नव्हते. माणसांत दीर्घकाळ वापरले जाणारे हे औषध १९९० नंतर स्वस्त झाल्यावर गुरांची सूज, ताप व लंगडेपणा यांवर सर्रास टोचले जाऊ लागले. गुराला त्याने आराम पडतो. पण टोचल्यानंतर दोन-तीन दिवसांच्या आत ते गुरू मेले व त्याचे मांस गिधाडाने खाल्ले, तर त्याची मूत्रपिंडे निकामी होऊन ते थोड्याच दिवसांत मरते. शरीराच्या दर किग्रॅ. वजनास एक मिग्रॅ.च्या दहाव्या वा पाचव्या भागाएवढी मात्राही यासाठी पुरते.

एवढ्याशा वापराने कोट्यवधी पक्षी कसे मरतील, ही शंका त्या वेळी अनेकांनी घेतली आणि ती वावगी नव्हती. तिचे उत्तर साध्या हिशेबात आहे. गिधाड तीन दिवसांतून एकदा पोटभर खाते असे धरले, तर वर्षाला ते सु. १२० वेळा जेवते. दर २४० मृत गुरांपैकी एकच विषारी असेल, तरी वर्षभरात त्या एकाशी गाठ पडण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. एका सांगाड्याभोवती डझनावारी पक्षी जेवत असल्याने एकच गुरू सबंध वसाहत रिकामी करू शकते. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिस ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केलेल्या गणितानुसार, प्रत्यक्ष घडलेल्या ऱ्हासास ७६० पैकी एक ते १३० पैकी एक एवढीच विषारी कलेवरे पुरेशी होती. भारतात २००४–०५ मध्ये तपासलेल्या मृत गुरांपैकी सु. दहा टक्क्यांमध्ये या औषधाचा अंश आढळला.

कायदेशीर उपाय : मे २००६ मध्ये भारत सरकारने पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकच्या उत्पादनास प्रतिबंध केला, नेपाळ व पाकिस्ताननेही त्याच वर्षी तसे केले. मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना निर्धोक असल्याचे त्याच वर्षी सिद्ध झाले होते. तथापि माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. २००८ च्या सुमारास विषारी कलेवरांचे प्रमाण साडेसहा टक्क्यांवर आले होते; घट खरी, पण वरील गणित पाहता अपुरी. २०१५ मध्ये मानवी वापराच्या डायक्लोफेनॅकची कुपी ३ मिलि.पुरती मर्यादित करण्यात आली. दरम्यान केटोप्रोफेनही घातक असल्याचे दिसून आले आणि ॲसिक्लोफेनॅकचे गुराच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होते हे कळले. या दोन्ही औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर जुलै २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ मध्ये बंदी आली. एका औषधावरील बंदी व दुसऱ्यावरील बंदी यांत सतरा वर्षे गेली, हे या जातीच्या वाढीचा संथ वेग पाहता फार झाले. नवे वेदनाशामक बाजारात येण्यापूर्वीच त्याची गिधाडांवरील चाचणी व्हावी, हा आग्रह त्यामुळेच धरला जातो. पक्ष्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे; पण तेथील तरतुदी शिकाऱ्याला रोखतात, सुईला नव्हे.

हा धोका गिधाडांपुरता नाही. राजस्थानात बिकानेरजवळ मृतावस्थेत सापडलेल्या दोन स्टेप गरुडांच्या शरीरात हेच औषध व तशीच विकृती आढळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टेप गरुड हिवाळी पाहुणा असून तोही संकटग्रस्त आहे.

गिधाडे गेल्याने मेलेली गुरे उघड्यावर कुजू लागली, भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली व पाणवठे दूषित झाले. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्वी गिधाडे भरपूर असलेल्या जिल्ह्यांत मानवी मृत्युमान चार टक्क्यांहून अधिक वाढले आणि २०००–०५ या काळात सु. पाच लाख जादा मृत्यू झाले. असा अंदाज काही गृहीतांवर उभा असतो. पण त्याची दिशा गावकऱ्यांच्या अनुभवाशी जुळते.

संरक्षणकार्य : महाराष्ट्रात यासंबंधीचे उल्लेखनीय काम गावपातळीवर झाले आहे. रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगाव येथे स्थानिक संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची झाडे राखली व त्यांना अन्न पुरविले. गडचिरोली जिल्ह्यात वन विभागाने ‘गिधाड उपाहारगृहे’ उभारली. जव्हार-मोखाड्याला जवळचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील हरसूलनजीकच्या खोरीपाड्याचे होय. हे आदिवासी गाव असून तेथील लोकांनी वन विभागाबरोबर असेच उपाहारगृह चालविले. आसपासच्या पाड्यांत गुरू मेले, की त्याची खबर दिली जाते. मरणापूर्वी कोणते औषध टोचले होते याची चौकशी होते आणि निर्धोक ठरलेले कलेवरच माळावरील ठरलेल्या जागी ठेवले जाते. तेथे लांब चोचीची व पांढऱ्या पाठीची अशी दोन्ही गिधाडे उतरतात. या व्यवस्थेत महत्त्वाचा भाग मांसाचा नसून चौकशीचा आहे. गुराचा मालक, खबर देणारा व औषध टोचणारा हे तिघे एकमेकांना ओळखत असल्यानेच ती शक्य होते. नेपाळात पिठौली येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या अशाच केंद्राला ‘जटायू’चे नाव देण्यात आले. आपल्याकडे जटायूचे पतनस्थान म्हणून इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद पूज्य मानले जाते. ते खोरीपाड्याच्याच जिल्ह्यात आहे.

तथापि सुरक्षित अन्न देणारी एक जागा पुरेशी नाही. दाभोशाचा कडा मध्य धरून शंभर किमी. त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात सिल्वासा, वलसाड, डहाणू, भिवंडी, इगतपुरी, नाशिक, सिन्नर व निफाड हे सर्व भाग येतात. पश्चिमेकडील थोडा भाग समुद्रात जातो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर गुरे लहानखुरी, देशी व कमी दुधाची असतात. त्यांच्यावर महागडे उपचार करण्याची ऐपत मालकाला क्वचितच असते. याउलट नाशिककडील सपाटीवर दुधाचा धंदा वाढला आहे. तेथे आजारी गाय हे मोठे नुकसान असल्याने वेदनाशामक लगेच टोचले जाते. कड्यावर रात्र काढणाऱ्या गिधाडाचे दिवसाचे भोजन या दोहोंपैकी कोठेही होऊ शकते. म्हणून कड्याचे रक्षण एका तालुक्यात आणि औषधाचे नियंत्रण तीन-चार जिल्ह्यांत व शेजारच्या राज्यातही करावे लागते. ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ ही कल्पना याच आकारमानावर, म्हणजे सु. ३०,००० चौ. किमी. क्षेत्रावर बेतलेली आहे. अशा क्षेत्रात औषधांची दुकाने, पशुवैद्यक व गुरांवर उपचार करणारे अनधिकृत लोक या सर्वांपर्यंत पोचावे लागते. शेवटच्या गटापर्यंत पोचणे सर्वांत कठीण आहे.

बंदिस्त प्रजननाचे कार्य हरियाणातील पिंजोर येथे बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील वन विभाग यांनी सुरू केले. २००१ मध्ये उभारलेले शुश्रूषा केंद्र २००४ पासून प्रजनन केंद्र झाले. पश्चिम बंगालमधील राजाभातखावा, आसाममधील राणी व मध्य प्रदेशातील भोपाळ येथेही अशी केंद्रे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून वीस गिधाडे ताडोबा-अंधारी व पेंच या व्याघ्र प्रकल्पांत आणून प्रथम मोठ्या पिंजऱ्यांत ठेवण्यात आली. त्याच वर्षी पाठीवर उपग्रह-संदेशक बांधून ती मोकळी सोडण्यात आली.

विषाखेरीज अन्य धोकेही आहेत. उघड्या वीजवाहिन्यांना दोन्ही पंख टेकून पक्षी मरतात, आणि संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्याने पंख कापले जातात. वर्षासहलींसाठी प्रसिद्ध असलेल्या धबधब्यांवर हल्ली हिवाळ्यातही दोराने कडा उतरण्याचे खेळ होतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात वसाहतीच्या कड्यावर असा खेळ झाला, तर उबविणारा पक्षी अंडे सोडून उडतो व उघड्या पडलेल्या कपारीत कावळे शिरतात. वसाहत असलेल्या कड्यांपुरते हे खेळ त्या पाच महिन्यांत बंद ठेवण्यास खर्च काहीच येत नाही. पावसाळ्यातील पर्यटकांना त्याची झळ पोचत नाही, कारण तेव्हा घरटी रिकामी असतात.